पोथी आणि हात

तिरडीला चौथा खांदा मिळत नव्हता. गाव परकं होतं, दुष्काळाने माणसं सैरभैर झाली होती आणि ब्राह्मणाच्या घरच्या प्रेताला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हा रिवाज मात्र जागच्या जागी होता. शेवटी दोघा ब्राह्मणांना दया आली. त्यांचे दोन खांदे, मयत बाईच्या मुलाचा तिसरा. चौथी जागा मुलीने घेतली. वय सोळा-सतरा, उंची बेताची. खांदा पुरेना, म्हणून आपल्या वाट्याचा बांबू तिने डोक्यावर घेतला आणि आईला घेऊन ती तीन मैल चालत गेली.

ही मुलगी म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे यांची धाकटी लेक रमा. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, पुण्याच्या सुधारकांनी डोक्यावर घेतलं, मग त्याच पुण्यात तिच्या नावाने वादळ उठलं. तिच्याबद्दल लिहिताना आपण बहुतेक वेळा या वादळापाशीच थांबतो. ख्रिस्ती का झाली, कुणी केलं, शारदा सदनात काय चाललं होतं, ‘केसरी’ काय म्हणाला. हा वाद महत्त्वाचा होताच. पण रमाबाईंच्या आयुष्यातली शेवटची पंचवीस वर्षं पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगाव नावाच्या एका लहानशा गावाच्या माळावर गेली, आणि त्यांची श्रद्धा नेमकी कशी होती हे पुण्याच्या वर्तमानपत्रांपेक्षा तिथे अधिक स्वच्छ दिसतं. त्यासाठी आधी त्या तिरडीपाशीच थोडं रेंगाळायला हवं.

अनंतशास्त्री मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू राणीसाहेबांना संस्कृत शिकवतात हे त्यांनी तरुणपणी पाहिलं आणि आपल्याही बायकोला शिकवायचं ठरवलं. त्यापायी धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला, तरी ते हटले नाहीत. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांनी आश्रम बांधला, आणि तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाचा जन्म झाला. पुढे आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून लेकीला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले. आश्रमाचा खर्च झेपेना तेव्हा कुटुंब यात्रेला निघालं. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, लोक ठेवतील ते दान घ्यायचं आणि त्यातलंही बरंच पुढे दानधर्मात द्यायचं. अशी कित्येक वर्षं गेली.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणूस उरला नाही. होतं ते किडूकमिडूक विकून झालं. तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी तळ्यात देह ठेवायचं ठरवलं होतं, मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवली तेव्हा ते थांबले. पण फार उशीर झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण.

रमाबाईंनी पुढे या दिवसांबद्दल लिहिलं तेव्हा देवाला किंवा सरकारला बोल लावला नाही. आपल्याला मागायची लाज वाटत होती, हलकं काम करणं कमीपणाचं वाटत होतं आणि प्रामाणिकपणे चार पैसे मिळवायची एकही विद्या आपल्याला येत नव्हती, असा त्यांचा हिशेब होता. घरात पोथ्या होत्या, पण कामाला सरावलेला एकही हात नव्हता. हे वाक्य त्यांच्या तोंडचं नाही, माझं आहे, पण केडगावात त्यांनी जे केलं ते याच हिशेबाचं उत्तर होतं असं मला वाटतं.

भाऊ श्रीनिवास आणि रमा दोघेच उरले. ती दोघं हिंदुस्थानभर पायी हिंडली. पंजाबातल्या एका हिवाळ्यात अंगावर पुरेसं पांघरूण नव्हतं. झेलमच्या काठी त्यांनी थडग्याएवढे दोन खड्डे खणले, त्यांत आडवी झाली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. रात्र अशी काढली.

मधली वर्षं भराभर गेली. १८७८ मध्ये कलकत्ता आणि पदव्या. १८८० मध्ये भावाचा मृत्यू आणि त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा कडेवर लेक घेऊन पुण्यात आली. तिथे तिने आर्य महिला समाज काढला, आणि वर्षभरात वैद्यकी शिकायच्या हेतूने ती इंग्लंडला निघाली.

इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्ती धर्माकडे नेलं ते कशाने? वाचन होतंच. मूळचे काशीचे मराठी पंडित, ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी पत्रव्यवहारही होता. पण रमाबाई स्वतः सांगतात ती गोष्ट लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रयगृहाची आहे. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांना मठातल्या भगिनी तिथे जवळ करत होत्या, आणि सावरलेल्या काही बायका आता दुसऱ्या आजारी माणसांची शुश्रूषा करत होत्या. रमाबाईंना हे नवल वाटलं. आपण वाचलेल्या शास्त्रांत अशा बाईला जागा कुठे होती, हे त्यांनी स्वतःला विचारलं. मग विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी येशू बोलत बसतो तो योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग त्यांनी वाचला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पोथीआधी काम दिसलं, आणि मग पोथीचा अर्थ लागला. हा क्रम त्यांच्या आयुष्यात नंतरही बदलला नाही.

तिथून अमेरिका. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला १८८६ मध्ये त्या हजर होत्या. हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत देण्याचं बॉस्टनच्या मंडळींनी कबूल केलं, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. चार वर्षांनी त्याच तारखेला त्यांचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. सदन पुण्यात आलं. शाळेत धर्म शिकवायचा नाही असा करार होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार लावत नसत, आणि काही मुली येऊन बसत. एवढ्यावरून १८९३ मध्ये पुणं पेटलं. रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या, टिळकांनी त्यांना ‘रेव्हरंडा’ करून टाकलं. दोन्ही बाजूंना आपापला मुद्दा होता. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसवल्यासारखं वाटलं. रमाबाईंना स्वतःच्या घरात स्वतःचं दार लावून घ्यायचं कारण दिसेना.

बॉस्टनच्या मदतीची मुदत संपत आली होती. शाळेला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि तिथे फळझाडं लावली. हा पर्जन्यछायेचा मुलूख. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस इथे येईपर्यंत आटून गेलेला असतो. ज्वारी-बाजरीच्या या पट्ट्यात संत्री-लिंबाची बाग म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची आशा. शाळेच्या खर्चाची सोय, एवढंच या जमिनीचं काम ठरलं होतं.

ते बदललं दोन संकटांनी, आणि ती एकाच हंगामात आली. १८९६ मध्ये पाऊस रुसला आणि मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबईत प्लेग उतरला व लवकरच पुण्यात पोचला.

दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना घरात बसवेना. भुकेने माणूस कसा होतो हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं, अंगावर माहीत होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी गरीबखाने आणि दुष्काळी कामं त्यांनी हिंडून पाहिली. त्यांना सर्वांत जास्त भीती वाटली ती एकट्या पडलेल्या मुलींची. मुकादम, दलाल, फसवून नेणारे सगळीकडे टपलेले. जिला कुणी नाही तिला चार दाणे दाखवले की नेता येत होतं. रमाबाईंनी तीनशे मुली आणायच्या ठरवल्या. जवळ पैसा नव्हता, जागा नव्हती, आणि बॉस्टनचं मंडळ उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होतं, दुष्काळातल्या कुठल्याही जातीच्या पोरींसाठी नव्हतं. तरी टोळ्याटोळ्यांनी मुली येऊ लागल्या.

त्या येत तेव्हा कशा असत? डोक्यात उवा, तोंड आलेलं, अंगावर खरजेच्या जखमा, कमरेला चिंधी. त्यांना न्हाऊ घालणं, केस कापणं, जखमा धुणं, पेज भरवणं हे पहिलं काम. पुढचं काम अधिक अवघड, कारण जिने महिनोन्महिने ओरबाडून खाल्लं आहे तिला रांगेत बसून जेवणं शिकवायचं असतं. रमाबाईंनी नोकर ठेवले नाहीत. शारदा सदनातल्या जुन्या विद्यार्थिनींवर त्यांनी हे सोपवलं. ज्या विधवांची सावली शुभकार्यात नको असे, त्या आता आपापल्या वाट्याच्या पोरींच्या आया झाल्या. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या बाईने कुणाही जातीच्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन विंचरायचं, ही गोष्ट १८९७ च्या पुण्यात लहान नव्हती. बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा हे न्हाणीघरातलं पाणी जास्त काही मोडत होतं.

प्लेगमुळे इतक्या मुलींना पुण्यात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा रमाबाईंना केडगावची ती जमीन आठवली. माळावर तंबू लागले, गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुलींना घेऊन सगळा बारदाना तिथे हलला. शाळेच्या उत्पन्नासाठी घेतलेली जागा आता एक गाव होऊ लागली.

याच धामधुमीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिची आठवण फारशी काढली जात नाही. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांना कशी वागणूक मिळते, आपल्याच एका मुलीच्या बाबतीत काय घडलं, याबद्दल त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात सडेतोड पत्र लिहिलं. त्याचे पडसाद लंडनच्या पार्लमेंटपर्यंत उमटले, आणि मुंबई सरकारला खुलासा करावा लागला. ख्रिस्ती झाली म्हणजे साहेबाची झाली, असं ज्यांनी धरलं होतं त्यांच्या हिशेबात हे पत्र बसत नव्हतं. इंग्रजांच्या पंथाधिकाऱ्यांशीही त्यांचं इंग्लंडपासून पटत नव्हतं. बाईने पुरुषांना शिकवावं का, अमुक मत मानावं का, यावर त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी वाद घातला होता. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या, साधं पांढरं लुगडं नेसत राहिल्या, आणि संस्थेच्या घरांना त्यांनी मराठी माणसाला कळतील अशी नावं दिली.

सप्टेंबर १८९८ मध्ये ‘मुक्ती’ या नावाने केडगावची संस्था रीतसर उभी राहिली. इथे करारबिरार नव्हता. ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. मग गुजरात-राजपुतान्यात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ पडला. तिकडूनही शेकडो मुली आल्या आणि काही वर्षांत वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. त्या काळी आसपासच्या कित्येक गावांची लोकसंख्या एवढी नसेल.

दोन हजार तोंडं रोज खाणार. म्हणून दोन हजार जोड हात रोज काम करणार, हा इथला नियम झाला. मुली विहिरीचं पाणी ओढून भाजीपाला पिकवत, गाई-म्हशींची धार काढत, घाण्यावर तेल गाळत, मागावर कापड विणत, कपडे शिवत, पाव भाजत, धुणं धूत. शाळा होती, आणि अमेरिकेत रमाबाई स्वतः शिकून आलेली बालोद्यानाची पद्धतही. कुणी शिक्षिका झाली, कुणी शुश्रूषा शिकली. आंधळ्या मुलींसाठी वेगळं घर झालं. मनोरमाबाईंनी ब्रेल आणली, आणि ज्या पोरीला तिच्या गावाने भीक मागण्यापलीकडे काही ठेवलं नव्हतं ती बोटांनी वाचू लागली, टोपल्या विणू लागली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ हे आणखी एक घर होतं. फुलहॅममध्ये पाहिलेलं ते केडगावच्या माळावर असं उतरलं.

भजन-प्रार्थना होतीच, आणि भरपूर होती. १९०५ मध्ये इथे धार्मिक पुनरुज्जीवनाची अशी लाट आली की जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत केडगावचं नाव झालं. रविवारी मुलींची पथकं आसपासच्या खेड्यांत गाणी म्हणत जात. मोठं प्रार्थनामंदिर बांधलं गेलं. पण उपासना आटोपली की मुली पुन्हा घाण्यावर, मागावर, गोठ्यात. रमाबाईंच्या लेखी या दोन गोष्टी निरनिराळ्या नव्हत्या.

इथे एक प्रश्न उरतो आणि तो टाळणं बरं नाही. भुकेने मेल्यागत झालेल्या पोरीला अन्न देणाऱ्याचा धर्म तिने घेतला, तर त्यात तिची निवड किती? रमाबाईंच्या टीकाकारांनी हे विचारलं, आजही विचारलं जातं. याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढं दिसतं, की त्या वेळी या मुलींपुढे दुसरं दार फारसं उघडं नव्हतं. आणि केडगावहून बाहेर पडलेली बाई कुणाच्या दयेवर जगणारी नव्हती. आपल्या हाताने मिळवून खाणारी बाई पुढच्या निवडी तरी स्वतः करू शकते. १८७० च्या दशकातल्या त्या दुष्काळात रमेच्या आईला आणि बहिणीला तेवढंही मिळालं नव्हतं.

मग रमाबाई स्वतः पोथीकडे वळल्या. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा रमाबाईंना जड वाटे. खेड्यातल्या बाईला ऐकून कळावं असं बायबल त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची पंडिता साध्या मराठीसाठी शब्द शोधत बसली, सवयीने ओठावर येणारा संस्कृत शब्द बाजूला ठेवून तिच्या पोरींच्या तोंडचा शब्द उचलत राहिली. ऐकू कमी कमी येत चाललं होतं. काम अनेक वर्षं चाललं.

छपाईसाठी बाहेर जायची गरज नव्हती. छापखाना मुक्तीतच होता, आणि खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच बायका-मुली. खिळा जुळवणं हे नजरेचं आणि बोटांचं काम. कप्प्याकप्प्यांच्या पेटीतून एकेक अक्षर उचलायचं, काना, मात्रा, वेलांटी शोधायची, पट्टीत उलटं बसवायचं, ओळ घट्ट करायची. देवनागरीला कप्पे इंग्रजीहून कितीतरी जास्त, जोडाक्षरांची गर्दी. मग कच्चा छाप, त्यावर रमाबाईंच्या दुरुस्त्या, पुन्हा खिळे काढायचे, पुन्हा घालायचे. शाई नखांत बसते ती धुतल्याने जात नाही. ज्या हातांनी कधी मुठीत कोंडा घट्ट धरला असेल, त्या हातांना आता ‘क्ष’ कुठल्या कप्प्यात असतो हे न बघता कळत होतं.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. जिच्या हाती सारं सोपवायचं होतं तीच राहिली नाही. रमाबाई शेवटपर्यंत भाषांतराच्या कागदांवर बसून होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या केडगावातच वारल्या.

डोंगरेशास्त्री गेले तेव्हा त्या घरात सगळंच थांबलं होतं. पुराण सांगणारा गेला की कमाई गेली, आणि उरलेल्यांना तिरडी उचलायला माणसं शोधावी लागली. केडगावात तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाईंच्या धारा निघाल्या, भट्टी पेटली, माग चालू झाले. बायबलचं काम राहिलं होतं, त्याचे खिळे जुळत राहिले. १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून छापून बाहेर पडलं.